बाइंडरची रताळी

व्हाइट सॉस वरच्या स्वयंपाकघरात न करता खाली पुस्तकबांधणीच्या दुकानात करावा, असं बाइंडरने ठरवलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. निर्णय तसा साधा होता. घरातला चमचा कुठल्या खणात असतो हे त्याला बावीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं, आणि दुकानातली प्रत्येक सुई, प्रत्येक ब्रश मात्र त्याला डोळे मिटूनही सापडायचा. माणसाने आपल्या मैदानावर खेळावं, एवढाच त्याचा विचार. (पुढे जे झालं त्यावरून बायकोने असा निष्कर्ष काढला की त्याने मुळात खेळायलाच उतरू नये.)

आता बाइंडरवर सॉस करायची वेळ का आली, ते सांगायला हवं. आठवड्यापूर्वी पडदे काढताना बायको स्टुलावरून पडली आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. त्याच आठवड्यात सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस आला. प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा असं ठरलेलं होतं, आणि यांच्याकडे आली होती चीज घालून भाजलेली रताळी. सासऱ्यांनी कधीकाळी कुठल्याशा परिषदेत ती खाल्ली होती आणि तेव्हापासून तीन वेळा त्यांचा उल्लेख केला होता. सासरे कुठल्याही गोष्टीचा दुसऱ्यांदा उल्लेख करत नसत, त्यामुळे तीन वेळा म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने हट्टच. शिवाय त्यांना नवी कवळी बसवली होती, तेव्हा मऊ पदार्थ सोयीचा.

‘‘राहू दे गं तुमचं,’’ बायकोची थोरली बहीण फोनवर म्हणाली. ‘‘आम्ही बाहेरून मागवू काहीतरी. तुझ्या घरात दुसरं करणारं आहे कोण?’’

हे बायकोच्या वर्मी लागलं. ती म्हणाली, ‘‘हे करतील की.’’

फोन ठेवल्यावर तिने ‘हे’ कडे पाहिलं. ‘हे’ तेव्हा मोज्याचा जोड शोधत होते.

पण खरी गोम सासऱ्यांची होती. सासरे हवामान खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं अंदाज वर्तवण्यात गेली, आणि धाकट्या जावयाचा अंदाजही त्यांनी लग्नाच्या दिवशीच वर्तवून टाकला होता: ‘‘फारशी आशा नाही.’’ थोरला जावई दाताचा डॉक्टर. त्याला ते ‘डॉक्टर’ म्हणत. धाकट्याला ते ‘बाइंडर’ म्हणत. दोन्ही हाका धंद्यावरूनच, पण पहिली ऐकली की माणूस खुर्चीत बसल्यासारखा वाटे आणि दुसरी ऐकली की दारात उभा असल्यासारखा. बावीस वर्षांत सासऱ्यांनी त्याच्या कामाबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. बाइंडर वरवर म्हणायचा, आपल्याला काय त्याचं. पण सासुरवाडीहून परतल्यावर तो रात्री अंथरुणात उगाच कुशी बदलायचा, आणि बायकोला ते ठाऊक होतं.

अशात गेल्या महिन्यात सासऱ्यांनी स्वतः येऊन एक गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला होता. आत्मचरित्र! स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहिलेली दोनशे बारा पानं, दुसरी प्रत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या दिवसाचं तापमान. ‘‘वाढदिवसाला बांधून हवंय,’’ ते म्हणाले. ‘‘जपून.’’ एवढंच. पण बाइंडरला आकाश ठेंगणं झालं. निळं कापड, सोनेरी अक्षरं, हाताने शिवलेले पानांचे फर्मे. महिनाभर त्याने त्या पुस्तकावर जीव टाकला. आता फक्त शिवलेली पानं पुठ्ठ्याच्या कव्हरला चिकटवायची राहिली होती. ते काम आणि रताळ्यांचा सॉस, दोन्ही वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी आले.

बायको कृती सांगू लागली आणि बाइंडर पावतीपुस्तकाच्या मागे लिहून घेऊ लागला. त्याला दोन दिवस सर्दी होती, नाक पार चोंदलेलं, त्यामुळे अधूनमधून त्याच्या ‘म’ चा ‘ब’ होत होता.

‘‘आधी मैदा घ्यायचा.’’

‘‘मैदा,’’ बाइंडरने लिहिलं.

‘‘मंद आचेवर बटरमध्ये परतायचा. मग दूध घालत सारखं ढवळायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. दाटसर झालं की किसलेलं चीज.’’

बाइंडर ताठ बसला. ‘‘सारखं ढवळायचं?’’

‘‘हो.’’

‘‘गुठळी नको?’’

‘‘अजिबात नको.’’

‘‘अगं, मग ही खळ झाली!’’

‘‘खळ नव्हे. व्हाइट सॉस.’’

‘‘मैदा, मंद आच, गुठळी नाही! सव्वीस वर्षं रोज सकाळी पुस्तकं चिकटवायला दुसरं काय करतोय मी? तू मला आधी का नाही सांगितलंस?’’

बायकोने डोळे मिटले. ‘‘निदान भांडं तरी घरातलं न्या,’’ ती म्हणाली.

त्याने घरातलं पातेलं नेलं. दुकानातलं खळीचं पातेलंही मुळात घरातलंच, लग्नात आलेल्या जोडातलं; पहिल्याच वर्षी ते खाली गेलं ते परत आलं नव्हतं. आज बावीस वर्षांनी दोघांची गाठ पडली. एकाच मापाची, एकाच काठाची. ओळखायची तर त्यांना जन्म देणाऱ्या कारखान्यालाच ओळखता आली असती.

दुकानात दोन बर्नरची शेगडी होती. उजवीकडे सॉस, डावीकडे खळ. बाइंडर दोन्ही हातांनी दोन्ही पातेली ढवळू लागला आणि खरं सांगायचं तर त्याचा हात बघण्यासारखा होता. एक गुठळी म्हणून नाही. उजवीकडच्यात चीज विरघळलं, डावीकडच्यात त्याने नेहमीप्रमाणे चिमूटभर मोरचूद टाकलं. पुस्तकांना मुंग्या, झुरळं, वाळवी लागू नये म्हणून बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात. ते विष असतं, म्हणून ते टाकलं की ताबडतोब हात धुवायचे, हा त्याचा सव्वीस वर्षांचा नेम. त्याने हात धुतले. मग दोन्ही पातेली निवायला मधल्या मोठ्या टेबलावर ठेवली. उजवीकडचं उजवीकडे, डावीकडचं डावीकडे. इथपर्यंत त्याच्या हातून एकही चूक झाली नव्हती, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

तेवढ्यात फोन वाजला. साडू, दाताचे डॉक्टर.

‘‘काय म्हणतात रताळी?’’ डॉक्टर हसत म्हणाले. ‘‘नाही, अवघड जात असेल तर मोकळेपणाने सांगा. ऐनवेळी पंचाईत नको. बाबांच्या कवळीला काय चालेल, काय नाही, तेही बघावं लागतं.’’

‘‘बी करतोय ना,’’ बाइंडर म्हणाला.

‘‘पुस्तकाचं काय? की तेही बाहेरून मागवायचं?’’ डॉक्टर पुन्हा हसले.

बाइंडरला फोनवर राग आला की चालायची सवय होती. तो टेबलाभोवती चालू लागला. डॉक्टरांनी कवळीचं साहित्य, त्याचा टिकाऊपणा आणि ‘चिकटवाचिकटवी’ या विषयावर आठ मिनिटं घेतली. बाइंडरने तेवढ्यात साडेतीन फेऱ्या घातल्या. फोन संपला तेव्हा तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. खळ डावीकडे आहे, हे त्याला पक्कं लक्षात होतं. तो तसाच उभा राहिला, डावीकडचं पातेलं ओढलं आणि ब्रश बुडवला.

नाक बंद होतं, त्यामुळे वास आला नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळंच पिवळट दिसे. आणि हाताला तर काहीतरी वेगळंच सुख लागत होतं.

‘‘वा!’’ तो स्वतःशी म्हणाला. ‘‘आजची खळ काय जमलीये! ब्रश कसा लोण्यासारखा फिरतोय!’’

पहिल्या पानाआधीचा कोरा कागद, शेवटच्या पानानंतरचा कोरा कागद, पाठीची पट्टी, दोन्ही सांधे. त्याने काही म्हणून राखलं नाही. एरवी एक हात देतो तिथे दोन दिले, कारण पुस्तक सासऱ्यांचं. मग ते प्रेसमध्ये ठेवून चाक आवळलं आणि दुसरं पातेलं वर नेऊन फ्रिजमध्ये ठेवलं.

‘‘चाखलंत का?’’ बायकोने विचारलं.

‘‘चाखायचं काय त्यात? बोटांत कळतं,’’ बाइंडर म्हणाला.

सकाळी त्याने उकडलेली रताळी कापली. असल्या चकत्या त्या घरात कुणी पाहिल्या नसतील. पुठ्ठ्यासारख्या एका जाडीच्या. काचेच्या ट्रेमध्ये त्याने त्या पानांसारख्या एकावर एक रचल्या, कडा पट्टीने एका रेषेत आणल्या आणि वरून फळी आणि वजन ठेवायला निघाला, तेव्हा बायकोने त्याला बाजूला केलं.

‘‘पुरे. आंघोळीला जा. सॉस ओतणं आणि ओव्हन मी बघते, तेवढं एका हाताने होतं.’’

बाइंडर आंघोळीला गेला. आंघोळीत त्याने गाणं म्हटलं. मग खाली जाऊन प्रेसमधून पुस्तक काढलं, खाकी कागदात गुंडाळलं आणि वर आला, तो ओव्हनच्या काचेतून चीज सोनेरी होऊन बुडबुडताना दिसलं. बायकोने त्याच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. ते प्रेम आहे असं त्याला वाटलं, आणि त्यात तो फारसा चुकला नव्हता.

सासऱ्यांकडे सगळे जमले होते. सासूबाई, थोरली मेहुणी, डॉक्टर. सासरे टेबलाच्या टोकाला, भिंतीवरच्या वायुभारमापकाच्या बरोबर खाली बसले होते. बाइंडरने पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद सोडला, कणा पाहिला, सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि ते बाजूच्या तिपाईवर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. पण तोंड उघडून मिटलं, हे बाइंडरने पाहिलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. आज येणार, तो मनाशी म्हणाला. जेवण झाल्यावर नक्की येणार.

पानं वाढली. रताळी सगळ्यांच्या ताटात पडली. तार सुटत होती, वाफ येत होती.

‘‘रूप तर छान आहे,’’ थोरली मेहुणी नाइलाजाने म्हणाली.

‘‘थांबा,’’ सासरे म्हणाले. ‘‘पहिलं पान वाचतो. मग जेवू.’’

त्यांनी पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं. आणि बाइंडरला दिसलं की तिपाईच्या पायावरून एक काळी, बारीक, शिस्तीची रेघ वर चढली आहे, आणि ती सासऱ्यांच्या बाहीवरून पुस्तकाच्या कण्यात शिरते आहे.

मुंग्या.

सव्वीस वर्षांत त्याने बांधलेल्या पुस्तकाला मुंगी लागली नव्हती. लागणं शक्यच नव्हतं, मोरचूद असतं. पुस्तकाला मुंगी लागली, म्हणजे त्यात मोरचूद नाही. मोरचूद नाही म्हणजे ती खळ नाही. ती खळ नाही, तर खळ कुठे आहे?

त्याने सासऱ्यांच्या ताटाकडे पाहिलं.

सांगितलं तर पुस्तक गेलं, सासरे गेले, बावीस वर्षांची वाट पाहणं गेलं. न सांगितलं तर सासरेच जायचे. बाइंडरने आधी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला (असले लोक नेहमी आधी तेच करतात).

‘‘गार झालंय!’’ तो उठून ट्रे ओढत म्हणाला. ‘‘सगळ्यांनी ताटं द्या, बी परत गरब करून आणतो.’’

‘‘गार? माझी जीभ भाजली,’’ सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंना मधुमेहाच्या गोळीमुळे थांबता येत नसे; त्यांनी दोन घास केव्हाच घेतले होते.

बाइंडरने ट्रे सोडला आणि सासऱ्यांचं ताट धरलं. ‘‘बाबा, यात केस आहे.’’

‘‘कुठे?’’

‘‘आहे. आत.’’

सासऱ्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं, खिशातून भिंग काढलं आणि ताट डोळ्यांजवळ नेलं. सगळे थांबले. ‘‘केस नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी चाळीस वर्षं पर्जन्यमापकातला मिलिमीटर वाचलाय. सोडा ताट.’’

‘‘बाबा, नको.’’

‘‘सोडा.’’

त्यांनी चमचा भरला. चमचा कवळीपाशी पोचला.

‘‘खाऊ नका!’’ बाइंडर ओरडला. ‘‘कुणीच खाऊ नका! ती खळ आहे! पुस्तकं चिकटवायची! बोरचूद घातलेली!’’

‘‘काय घातलेली?’’ थोरली मेहुणी म्हणाली.

‘‘मोरचूद!’’ डॉक्टर ताडकन उठले. ‘‘विष आहे ते! आई, थुंका! मीठपाणी आणा कुणीतरी!’’

‘‘मग सॉस कुठे गेला?’’ सासऱ्यांनी विचारलं. सगळ्या गोंधळात त्यांचा आवाज तेवढा शांत होता.

बाइंडरने मान खाली घातली. ‘‘तुमच्या पुस्तकात,’’ तो म्हणाला. ‘‘दोन हात दिलेत. बाबा, मला माफ करा. मला ते चांगलं बांधायचं होतं.’’ आणि त्याला खरोखर रडू आलं. सर्दीमुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

डॉक्टर मीठपाण्याचा पेला घेऊन धावत आले. सासूबाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

‘‘कुणी काही प्यायचं नाही,’’ बाइंडरची बायको म्हणाली. ‘‘बसा सगळे. त्यात खळ नाही.’’

‘‘आहे गं! बी वर आणली.’’

‘‘तुम्ही आणलीत. मी ओतली नाही. सकाळी झाकण काढलं तर आत निळसर गोळा. बावीस वर्षं खळ बघतेय मी, मला कळणार नाही? कडेला ठेवली ती, आणि डाव्या हाताने दुसरा सॉस केला. मला वाटलं, तुमचा सॉस खाली दुकानात तसाच राहिला असेल.’’

बाइंडर तिच्याकडे बघतच राहिला. ‘‘मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तुम्ही आंघोळीत गात होता,’’ ती म्हणाली. ‘‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू.’’

म्हणजे रताळी चांगली होती. सासूबाई चांगल्या होत्या. त्याने फक्त पाच मिनिटं तोंड बंद ठेवलं असतं तर पुस्तकाचंही निदान आजच्यापुरतं कुणाला कळलं नसतं. बाइंडर हळूहळू खुर्चीत बसला.

आता सगळ्यांचं लक्ष पुस्तकाकडे गेलं. सासऱ्यांनी ते उघडलं. बटर मुरून पहिलं पान खिडकीच्या काचेसारखं झालं होतं; जन्म आणि मुंज वाचता वाचता मागच्या बाजूची शाळाही दिसत होती. शेवटच्या पानावर निवृत्तीचा निरोपसमारंभ तुपकट डागात बुडाला होता. मुंग्या एकेक करून बाहेर येत होत्या, प्रत्येकीजवळ काही ना काही होतं.

‘‘द्या बाबा,’’ बाइंडर म्हणाला. ‘‘बी पुन्हा सोडवून बांधतो. फुकट... म्हणजे, तसं नाही, पण नीट बांधतो. आठ दिवसांत.’’

सासऱ्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ‘‘नको,’’ ते म्हणाले.

‘‘फ्रिजमध्ये ठेवा,’’ डॉक्टरांनी सल्ला दिला. ‘‘दुधाचं आहे, उन्हाळ्यात टिकणार नाही.’’

हे सगळ्यांना पटलं. सासूबाईंनी अंड्यांच्या खालचा कप्पा रिकामा केला. ठेवण्यापूर्वी दुसऱ्या पानाचं काय झालंय ते बघावं म्हणून सासऱ्यांनी, पान उलटताना नेहमी करत तसं, बोट जिभेला लावलं. पण बोट एव्हाना कण्याच्या सांध्यावरून फिरून आलं होतं. सासरे थांबले. त्यांनी जीभ टाळूला लावली, जरा वेळ विचार केला.

‘‘मीठ बरोबर आहे,’’ ते म्हणाले.

सासऱ्यांनी पुस्तक फ्रिजमध्ये ठेवलं आणि येऊन रताळ्याचा पहिला घास घेतला. रताळ्यांबद्दल त्यांनी काही मत दिलं नाही, पण तीनदा वाढून घेतली.

घरी परतताना बसमध्ये दोन थांबे गेल्यावर बाइंडर बायकोकडे वळला.

‘‘ऐकलंस ना बाबा काय म्हणाले?’’

‘‘ऐकलं.’’

‘‘बरोबर आहे म्हणाले. सगळ्यांदेखत. तुझ्या सॉसला नाही म्हणाले, माझ्या सॉसला म्हणाले.’’

‘‘हो.’’

बाइंडर सीटवर ऐसपैस टेकून बसला. नाकसुद्धा जरा मोकळं झाल्यासारखं वाटत होतं. बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. काहीतरी बोलावं की बोलू नये, असं तिचं चाललं होतं. पण शेवटी ती गृहिणी होती, तिला राहवेना.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘मी कृती सांगताना मीठ सांगायचं विसरले होते. तुम्ही आपल्या मनाने घातलंत?’’

बाइंडरने खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि मागचं पान पाहिलं. मैदा होता, बटर होतं, दूध होतं, चीज होतं.

‘‘चीज मुळातच खारट असतं,’’ बायको म्हणाली, आणि उतरायचा थांबा आला म्हणून उठली.